भरवसा वीतभर रबराचा!

सीट कव्हर्स नवी, म्युझिक सिस्टिम झकास आणि गाडी 'फक्त' ४६ हजार किलोमीटर चाललेली. मग टेन्शन कसलं? टेन्शन आहे ते चाकामागे लपलेल्या एका काळ्या रबरी पाइपचं. बाबांची, काकांची किंवा सेकंड हँड घेतलेली जुनी छोटी गाडी तुम्ही चालवत असाल, तर पुढची दहा मिनिटं या पाइपला द्याच!

रविवारची दुपार. मागच्या सीटवर स्ट्रॉबेरीचे चार बॉक्स, आईच्या मांडीवर गाजरांची पिशवी, शेजारच्या सीटवर बाबा आणि स्टिअरिंगवर अस्मादिक! पाचगणी मागे टाकून आमची एट हंड्रेड पसरणीचा घाट उतरत होती. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, खाली धोम धरणाचं पाणी चमकतंय. एकदम डेस्कटॉप वॉलपेपर!

तेवढ्यात मागून आई म्हणाली, "काहीतरी जळतंय गं."

"पुढच्या ट्रकचा वास असेल," मी म्हटलं. आपल्या गाडीत काही बिघडलंय हे मान्य करायच्या आधी पुढच्या ट्रकला दोष द्यायचा, हा तर आपला नॅशनल फंडा आहे. पण पुढच्या वळणावर ब्रेक दाबला आणि गाडी किंचित उजवीकडे सरकली. ब्रेक सोडला तर डावीकडे ओढायला लागली. त्याच्या पुढच्या वळणावर पेडल नेहमीपेक्षा जरा जास्तच खाली गेलं.

जरासंच. पण उजव्या हाताला दरी असताना 'जरासं' हा शब्द फार मोठा होतो हो!

मी गाडी फर्स्ट गिअरमध्ये आणली, पुढच्या मोकळ्या जागेत बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला. बाबांनी उतरून मागच्या चाकांना दगड लावले. डाव्या पुढच्या चाकाजवळ नुसता हात नेला तरी धग लागत होती. बाबांनी पाण्याची बाटली उघडली, तेवढ्यात मागून आलेल्या जीपवाल्याने थांबून हाक मारली, "ओ काका, पाणी नका मारू! तापलेली डिस्क वाकडी होईल." त्यानेच वाईच्या एका फिटरचा नंबर दिला. देव भेटतो तो असा, जीपमधून, पान चघळत.

'कमी चाललीये' नावाचा भ्रम

फिटरकाका येईपर्यंत पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात बाबा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "अगं, पण ही कमी चाललीये."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. २००८ साली ही गाडी घरी आली तेव्हा मी शाळेत होते. बाबांनी नारळ फोडला, आईने ओवाळलं आणि सोसायटीतल्या निम्म्या मुलांना बाबांनी चक्कर मारून आणली. त्यानंतर गाडीने बघितलं काय? ऑफिसला बाबा बसने जात. गाडी निघायची ती लग्नकार्याला, गावाला आणि दसऱ्याला झेंडूचा हार घालण्यापुरती. २०२३ मध्ये १५ वर्षं पूर्ण झाली, रीतसर पुनर्नोंदणी करून आणखी ५ वर्षं मिळाली. मग माझ्या फ्रीलान्सिंगच्या धावपळीसाठी बाबांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "नवी कशाला घेतेस? ही नव्यासारखीच आहे."

आणि दिसायला होतीच नव्यासारखी! मीही तिचे लाड केले. सीट कव्हर्स, ब्लूटूथवाला स्टिरिओ, डॅशबोर्डवर मान हलवणारा कुत्रा. दोन महिन्यांपूर्वी गाडी डावीकडे ओढतेय असं वाटलं, तेव्हा आमच्याच भागातल्या एका गॅरेजात दाखवली. त्यांनी व्हील अलाइनमेंट केलं. आठवड्याने पुन्हा तेच. मग ब्रेक पॅड बदलले. डावीकडचे पॅड उजवीकडच्यापेक्षा खूपच झिजलेले निघाले. असं का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बिल भरलं, स्टिरिओ लावला, निघाले.

तो एक प्रश्न विचारला असता, तर पसरणीच्या घाटात ही वेळ आली नसती.

चाक सुटलं, कोडं सुटलं

फिटरकाका बाईकवरून आले. साठीच्या आसपास, खिशात टॉर्च, बोलणं मोजकं. त्यांनी डावं चाक जॅकवर उचललं आणि हाताने फिरवून पाहिलं. ढिम्म हलेना! इंजिन बंद, ब्रेकवर कुणाचा पाय नाही, तरी चाक जाम. मग त्यांनी कॅलिपरच्या मागच्या छोट्या निपलवर एक पारदर्शक नळी चढवली, तिचं दुसरं टोक बाटलीत सोडलं आणि निपल पाव आटा सैल केला. चिर्रकन काळपट ब्रेक ऑइल बाटलीत उडालं आणि चाक गर्रकन फिरलं.

"कॅलिपर जाम नाही ताई. तो जाम असता तर प्रेशर सोडूनही चाक अडकलंच असतं. इथे आत प्रेशर कोंडलं होतं. बहुतेक होज गेलाय."

"पण कुठे फुटलेला दिसत नाहीये," बाबा वाकून बघत म्हणाले.

"फुटला असता तर बरं झालं असतं, काका. दिसला तरी असता!"

गाडी टोइंगवर चढवून वाईला गॅरेजात नेली. तिथे काकांनी खात्री केली. पेडल दोन-चार वेळा दाबून सोडलं, चाक पुन्हा जाम. आधी होजच्या वरच्या टोकाचा, लोखंडी पाइपकडचा जोड सैल केला. चाक जामच! मग खालचं निपल उघडलं. चाक मोकळं. म्हणजे प्रेशर अडकतंय ते या दोन जागांच्या मधेच. आणि मधे काय होतं? तो वीतभर काळा रबरी पाइप.

तिथे रबर हवंच कशाला?

मला पडला तोच प्रश्न तुम्हालाही पडला असेल. सगळीकडे लोखंडी पाइप आहे, मग शेवटी रबर का?

कारण सोपं आहे. ब्रेक म्हणजे शाळेतला पास्कलचा नियम. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइलवर दाब देतो आणि तो दाब पाइपांमधून प्रत्येक चाकापर्यंत पोचतो. बॉडीपर्यंत लोखंडी पाइप चालतो. पण चाक खड्ड्यात वरखाली होतं आणि पुढची चाकं वळतातही. तिथे लोखंड असतं तर चार दिवसांत तुटलं असतं. म्हणून बॉडी आणि चाक यांच्यामध्ये लवचीक होज. पुढच्या चाकांना प्रत्येकी एक आणि मागे गाडीच्या मॉडेलप्रमाणे एक किंवा दोन.

हा होज म्हणजे बागेतली रबरी नळी नव्हे. आत रबराची बारीक नळी, तिच्याभोवती धाग्यांची घट्ट वीण आणि त्यावर पुन्हा रबराचं कव्हर. ऑइल जाण्याचा मार्ग जेमतेम तीनेक मिलिमीटरचा. उष्णता, ऊन, धूळ, पावसाचं पाणी आणि रोजचं वळणं-वाकणं हे सगळं तो वर्षानुवर्षं सोसतो. पण रबर म्हातारं होतं. बाहेरून तडे जातात किंवा आतलं अस्तर फुगतं, सुटतं आणि झडपेसारखं वागायला लागतं.

आमच्या गाडीत नेमकं हेच झालं होतं. मी ब्रेक दाबायचे तेव्हा पायाच्या जोराने ऑइल कसंबसं पलीकडे जायचं. पण डावा ब्रेक जरा उशिरा लागायचा, म्हणून गाडी उजवीकडे सरकायची. ब्रेक सोडला की परत यायला ऑइलला तेवढा जोरच नसायचा. ते पलीकडे अडकायचं, डावा ब्रेक लागलेलाच राहायचा आणि गाडी डावीकडे ओढायची. म्हणून डावे पॅड जास्त झिजले. म्हणून घाटात तो वास. कोड्याचे सगळे तुकडे एका मिनिटात जुळले!

मग पेडल खाली का गेलं? त्याचं उत्तर ब्रेक ऑइलमध्ये आहे. आपण ऑइल म्हणतो, पण ते तेल नसतंच. डॉट ३ आणि डॉट ४ ही द्रवं हवेतला ओलावा शोषून घेतात. अगदी होजच्या रबरातूनही ओलावा हळूहळू आत शिरतो. मानकाप्रमाणे कोऱ्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस हवा, पण ओलावा शोषल्यावर तोच किमान १४० अंशांवर येतो. सतत घासणाऱ्या ब्रेकजवळ तेवढं तापमान होणं अजिबात अवघड नाही. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दबते, पेडल खाली जातं आणि ब्रेक लागत नाही.

आणखी चार वळणं गेले असते तर? तो विचार मी अजूनही अर्ध्यावर सोडून देते.

रबराला किलोमीटर कळत नाही

नवे होज बसवून झाल्यावर काकांनी जुना होज ब्लेडने उभा चिरून दाखवला. बाहेरून बऱ्यापैकी धड. आत मात्र अस्तर सुजलेलं, एका जागी सुटून आलेलं आणि तेल जायला सुई जाईल एवढीच वाट!

बाबा तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ बघत होते. "दरवर्षी सर्व्हिसिंग केलंय मी हिचं," ते हळूच म्हणाले.

"केलंत हो काका, दिसतंय ना गाडीकडे बघून," फिटरकाका म्हणाले. "पण रबराला किलोमीटर कळत नाही. त्याला वर्षं कळतात."

कसलं भारी वाक्य! आणि किती जणांना लागू पडणारं! एट हंड्रेड १९८३ च्या डिसेंबरमध्ये रस्त्यावर आली आणि २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक एट हंड्रेड दहा वर्षांच्या पुढची. तिच्या वयाच्या बाकीच्या छोट्या गाड्यांचंही तेच. सेकंड हँड गाडी घेताना आपण पहिला प्रश्न विचारतो, "किती चाललीये?" होज कधी बदलले, हे कोण विचारतं? पीयूसी असते ती धुरासाठी. खासगी गाडीला आपल्याकडे दरवर्षी फिटनेस टेस्ट नसते. म्हणजे चाकामागे वाकून बघायची जबाबदारी कुणाची? ज्याच्या हातात किल्ली, त्याची!

तुम्ही स्वतः काय बघाल?

यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. मास कम्युनिकेशनवाली करू शकते, तर तुम्हीही करू शकता. सपाट जागी गाडी लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना अडण्या लावा, हातात टॉर्च घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, कधीच नाही.

पुढचे होज बघायचे तर गाडी न उचलताही बरंच दिसतं. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि चाकामागच्या पोकळीत टॉर्च मारा. मग दुसऱ्या बाजूला वळवून बघा. होज टायरला किंवा सस्पेन्शनला घासतोय का? घासल्याचा चकचकीत पट्टा दिसतोय का? होज बोटांनी हलकेच वाकवा. वाकवल्यावर उघडणारे बारीक तडे हा पहिला इशारा. हाताला चिकट, पिचपिचीत किंवा एकदम कडक लागला, तर दुसरा. टोकाला जिथे लोखंडी फेरूल आहे तिथे ओल दिसली, तर तिसरा.

यानंतरची टेस्ट एकट्याने होत नाही. एकाने ड्रायव्हिंग सीटवर बसून, इंजिन चालू आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, ब्रेक जोरात दाबून धरायचा. दुसऱ्याने होजकडे बघायचं. कुठेही फुगा आला, तर गाडी तिथेच ठेवा आणि मेकॅनिकला बोलवा. आजच!

पण आमच्यासारखा होज आतून गेला असेल तर? तो नुसता बघून कळत नाही, वागण्यातून कळतो. ब्रेक दाबल्यावर किंवा सोडल्यावर गाडी एकीकडे ओढते का? एका बाजूचे पॅड लवकर झिजतात का? प्रवासानंतर एकाच चाकाची धग जास्त येते का? (हात लावू नका, जवळ नेला तरी पुरतो.) यातलं एकही उत्तर 'हो' असेल, तर अलाइनमेंटवर समाधान मानू नका.

बदलताना शेजारी उभे राहा

तपासणी घरी करा, पण बदलायचं काम जाणकार हातांनाच द्या. ब्रेकमध्ये 'करून बघू' चालत नाही. मात्र गॅरेजच्या सोफ्यावर बसून मोबाइल बघण्यापेक्षा शेजारी उभे राहा. त्या दिवशी मी उभी राहिले आणि खूप शिकले.

काकांनी आधी जोडांवर गंज सोडवणारा स्प्रे मारला आणि थांबले. मग साधा पाना न घेता फ्लेअर नट पाना घेतला, म्हणजे तोंडाला फट असलेला रिंग पाना. साध्या पान्याने जुना नट घसरतो, गोल होतो आणि मग लोखंडी पाइपच बदलायची वेळ येते. उघड्या पाइपच्या तोंडाला लगेच टोपी लावली. नवा होज बसवताना त्यावरची उभी रेघ सरळ राहतेय ना, ते बघितलं. ती रेघ वेटोळी झाली तर होजला पीळ बसला असं समजायचं. जिथे बँजो बोल्ट असतो, तिथे तांब्याचे वॉशर नवेच घालायचे. कॅलिपर होजला लटकत ठेवायचा नाही, तारेने बांधायचा. आणि होज नेहमी जोडीने बदलायचे. डावा म्हातारा झाला तर उजवा काय कॉलेजात जातोय? आम्ही तर मागचेही बदलून घेतले.

शेवटी ब्लीडिंग, म्हणजे पाइपांत शिरलेली हवा काढणं. साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, पण मॉडेलप्रमाणे क्रम बदलतो, मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. या कामालाही दोन माणसं लागतात. काका चाकाजवळ बसले आणि बाबांना म्हणाले, "बसा गाडीत."

"दाबा… दाबा… धरून ठेवा!" नळीतून बुडबुडे आले. निपल बंद. "सोडा." पुन्हा "दाबा…" मी वरच्या टाकीत ब्रेक ऑइल ओतत होते, ते एकदाही संपू द्यायचं नाही म्हणून. रंगावर सांडलं तर रंग जातो, म्हणून आईने स्वतःची ओढणी बॉनेटच्या कडेला पसरली होती. बुडबुडे थांबेपर्यंत आमचं अख्खं कुटुंब त्या गाडीभोवती कामाला लागलं होतं. महाबळेश्वर-पाचगणी ट्रिपचा हा फोटो मात्र कुणी काढला नाही.

पेडल दगडासारखं घट्ट झालं. काकांनी प्रत्येक जोड पुसून, पेडल जोरात दाबून ओल येतेय का ते बघितलं. स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून होज घासत नाही ना, ते बघितलं. मोकळ्या रस्त्यावर हळू स्पीडला चार वेळा ब्रेक मारून मगच किल्ली माझ्या हातात दिली. एका होजची किंमत? आमच्या शुक्रवारच्या पिझ्झापेक्षा कमी!

गॅरेजमध्ये हे विचाराच

• होज शेवटचे कधी बदलले? नोंद नसेल आणि गाडी दहा वर्षांच्या पुढची असेल, तर चारही चाकांचे तपासून घ्या.
• नवा होज कंपनीचा किंवा खात्रीच्या ब्रँडचा, सीलबंद आहे ना? पाकिटावरची उत्पादनाची तारीख बघा. दुकानात पडून राहिलेलं रबरही म्हातारं होतं.
• ब्रेक ऑइल कुठलं घालताय? टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच. डॉट ३ किंवा डॉट ४ च्या गाडीत सिलिकॉनचं डॉट ५ नको आणि इंजिन ऑइल तर चुकूनही नको, रबर सुजतं.
• ऑइल पूर्ण बदललं का? साधारण दर २ वर्षांनी किंवा मॅन्युअल सांगेल तेव्हा.
• काम करताना होज पक्कडीने दाबला नाही ना? आतलं अस्तर तिथेच दुखावतं.
• एका बाजूचे पॅड जास्त का झिजले? उत्तर मिळाल्याशिवाय बिल भरू नका!

परत येताना खंबाटकीचा बोगदा ओलांडेपर्यंत गाडीत कुणी फारसं बोललं नाही. स्टिरिओ बंद होता. मग बाबा म्हणाले, "मला वाटायचं, गाडी वापरली नाही म्हणजे जपली."

मी काही बोलले नाही. ड्रायव्हिंग मला त्यांनीच शिकवलंय. क्लच, गिअर, आरसा, सगळं त्यांनी दाखवलं. ही एकच गोष्ट राहून गेली होती, कारण त्यांनाही ती कुणी दाखवली नव्हती.

आता आमच्याकडे नवा नियम आहे. दर तीन महिन्यांनी, रविवारी सकाळी, चहाच्या आधी, बाबा ड्रायव्हिंग सीटवर बसतात आणि मी टॉर्च घेऊन चाकाशी वाकते.

"दाबा बाबा."

"दाबलं."

"धरा… सोडा. ओके!"

जेमतेम पाच मिनिटं लागतात. मग चहा. तुमच्या घरी ब्रेक दाबायला कोण बसणारे, ते या रविवारी ठरवाच!